तक्रारीचा रकाना

सत्ताविसाव्या वर्षी मी पुन्हा बारावीचा फॉर्म भरला.
लातूरला, खाडगाव रोडच्या मागच्या गल्लीत
सहा खाटांची खोली, माझी खाट न्हाणीजवळची.
बाकी पाचजणी सतरा वर्षांच्या.
प्राची बिराजदार पहिल्या दिवशी म्हणाली,
'मावशी, मेसचा डबा किती वाजता येतो?'
म्हटलं, मलाही माहीत नाही, मीही शिकायलाच आले.
आता ती ताई म्हणते. एवढी प्रगती.

माझ्याकडे बी.ए. आहे. मराठी.
धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ, असं तीन वर्षं लिहीत आले.
इथे धातू इलेक्ट्रॉन सोडतो आणि गंजतो.
कर्तरी, कर्मणी, भावे मला झोपेत येतात,
पण प्रयोगशाळेत ब्युरेटची तोटी फिरवताना
कर्ता कोण, कर्म कोण, कळत नाही;
गुलाबी रंग एका थेंबाने पुढे निघून जातो.
मुगळे सर म्हणतात, 'मॅडम, मात्रा चुकली.'
मात्रा! त्याच तर मोजल्या, सर, आजवर.
हे मी बोलत नाही. तासाला तेवढा वेळ नसतो.

त्याआधी चार वर्षं औशाच्या दवाखान्यात
केसपेपरच्या खिडकीत बसले.
नाव, वय, गाव, तक्रार.
तक्रारीचा रकाना माझ्या अंगठ्याएवढा.
माणसं एवढुसं कधी बोलत नाहीत.
'अंगात कणकण हाय, पण ताप न्हाई.'
'रातच्याला छातीवर कुणी जातं मांडून बसतंय.'
मी लिहायचे: अशक्तपणा. छातीत दुखणे.
रांग दारापर्यंत. शब्द आखडते घेणं
कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, ते तिथे शिकले.

एकदा आलमल्याची एक बाई.
पदराच्या गाठीतून नोट सोडता सोडता म्हणाली,
'पोटात चिमणी हाय गं. निजलं की फडफडती.'
मी लिहिलं: पोटदुखी.
'दुखत न्हाई म्हणते की.'
तरी मी तेच ठेवलं.
पांढऱ्या गोळ्यांची पुडी घेऊन ती परत खिडकीशी आली,
'अक्षर मोत्यावानी हाय तुजं,' म्हणाली आणि गेली.
पुन्हा आली नाही.
न येण्याची कारणं पुष्कळ असतात,
एसटी, सुगी, बरं वाटणं.

गेल्या महिन्यात, रात्री दीड वाजता,
इंग्रजी पुस्तकातलं वाक्य वहीत मराठीत उतरवत होते:
महाधमनी छातीतून पोटात उतरते,
कण्याच्या पुढून, बेंबीपर्यंत.
पेन थांबला.
पुस्तक थांबलं नाही, त्याला पुढच्या पानावर मूत्रपिंडं होती.
माझ्या हातात पुरावा काहीच नाही.
दिवा मालवून उताणी झोपले,
बेंबीच्या वर दोन बोटं दाबून धरली.
होती. माझ्याही पोटात होती.

डॉक्टरच का, असं कुणी विचारलं
तर मी म्हणते, आवड आहे.

बाबा औशात शाळेचे गणवेश शिवतात.
दिवाळीला टेप गळ्यातून काढला, 'ॲप्रनचं माप देऊन ठेव.'
म्हटलं, आधी बारावी, मग नीट, मग यादी, बाबा.
'लागू दे की यादी. कापड आज स्वस्त आहे.'
शिवला नाही, नुसता बेतून ठेवलाय.
कडेला दोन बोटं माया सोडलीय,
'पाच-सहा वर्षांत माणूस जरा सुटतं,' म्हणाले.

परवाच्या टेस्टला भौतिकशास्त्रात एकशेऐंशीपैकी एक्केचाळीस.
तिरका फेकलेला चेंडू अजून माझ्या वहीतून खाली येत नाही.

आज संध्याकाळी प्राची पाय पोटाशी घेऊन बसली होती.
'ताई, पोटात गोळा आलाय.'
'कसला गोळा? दुखतोय, की फिरतोय?'
'तसा नाही गं... म्हणजे, कसं सांगू...'
मी वही मिटली.
'सांग. सगळं सांग.'
ती सांगत राहिली,
घरचं, मार्कांचं, मधेच पोटाचं.
डबा गार झाला. झाकण कुणी उघडलं नाही.