पाचवी पाटी

दैवशाला पाचव्या पाटीवर बसते, मी चौथ्या.
तिचं तोंड येडशीच्या डोंगराकडं,
माझं तुळजापूरच्या रस्त्याकडं.
दोन वर्षं शेजारी शेजारी उकिडव्या,
खेळात मी तिचा चेहरा पाहिलेला नाही.
पाठ तेवढी पाठ झालीय:
कोपरावर मुरमानं सोललेला डाग,
जर्सीवरचा सात, त्याची आडवी रेघ उसवलेली.

आज रात्री बाराला लीगचा फॉर्म बंद व्हायलाय.
तिच्या फोनला रेंज नाही, माझ्यात नेटपॅक आहे,
म्हणून होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून
मी भरायले, ती सांगायली.
उंची पाच फूट दोन.
वजन? मेसच्या आधीचं का नंतरचं?
आक्रमण की संरक्षण?
दोन्ही.
दोन्हीला टिक होत नाही गं.
मग पळणारी लिही.

खाली एक रकाना आहे,
शिक्षण: चालू, पूर्ण, सोडलेलं.
तिथं बोट थांबलं.

कदेरे सर म्हणाले होते, एक वर्ष काढ.
बी.ए. हातात घे, पुढच्या साली विद्यापीठाची कॅप्टन तूच,
मग रेल्वे आहे, पोलीस आहे,
खेळाडूंच्या कोट्यात तुला कोण अडवतंय.
सांगताना शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली,
सोडली, परत गुंडाळली.
सर स्वतः थांबले होते एकदा.
कशासाठी, ते कुणी विचारत नाही.
पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा सांगतो.

तिचे वडील बसस्टँडसमोर पंक्चर काढतात.
फोनवर म्हणाले, हवा भरलेली ट्यूब
लई दिवस टांगून ठेवू नये, चिरते.
मग म्हणाले, घाईत लावलेलं ठिगळ बी टिकत नसतं.
मग म्हणाले, ठेवतो, गिऱ्हाईक आलंय.

भाव ठाऊक आहे.
क गट, एक महिन्याचा हंगाम, दीड लाख.
नाव पुकारलं तर.
नाही पुकारलं तर तिसऱ्या वर्षाची फी तशीच,
आणि दळणाच्या रांगेत, काय झालं गं तुझं?

एक गोष्ट फॉर्ममध्ये विचारलेली नाही.
ती गेली तर कॅप्टन मी.
हे तिला माहीत आहे,
तिला माहीत आहे हे मला माहीत आहे.
म्हणून मी जा म्हणाले तरी त्यात माझा वाटा,
आणि थांब म्हणाले तर तोही स्वार्थच,
चौथ्या पाटीवरून दुसऱ्या कुणाच्या पाठीवर
माझा हात नीट पडत नाही.

अकरा बेचाळीस.
मैदानात सोपं असतं.
बसलेलीनं काही ठरवायचं नसतं.
पाठीवर हात, कानात खो,
की उठायचं, पाय पडेल ती दिशा,
आणि एकदा घेतली की खांबापर्यंत वळायचं नाही.
हाताच्या आधी आवाज आला तर फाऊल.
उठलेलीची जागा रिकामी राहत नाही,
खो देणारी तिथंच बसते.

"तू सांग," ती म्हणाली,
आणि सवयीनं तोंड फिरवलं, येडशीकडं.
डोंगर दिसत नव्हता, एका टॉवरचा लाल दिवा तेवढा.
सातची उसवलेली रेघ वाऱ्यानं हलायली.
मी फोन डाव्या हातात घेतला,
उजवा तिच्या पाठीवर ठेवला.
तोंड उघडलं नाही.

खाली कुणीतरी मोटार चालू केली,
आमच्या मागं टाकीत पाणी पडायला लागलं.
"बोल की."
अकरा एक्कावन्न.
तळहाताला तिचा श्वास लागायलाय,
चार मोजून आत, चार मोजून बाहेर,
शेवटच्या मिनिटाला ती घेते तसा.