अंधाराचा भत्ता

विमानतळावरून गावात यायला दोन रस्ते आहेत.
जवळचा जातो बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या पोटातून,
लांबचा समुद्राकडून.
क्लबचा हुकूम : पाहुणा सही करेपर्यंत लांबचा.
पेट्रोल त्यांचं.

मी सेड्रिक थर्लवेल. बावीस वर्षं ड्रायव्हर.
खरं काम मुलगी दाखवण्याचं.
मुलगी म्हणजे हे गाव,
वय उलटून गेलेलं, थोरामोठ्यांत बसलं की खोकणारं.
कुठे गाडी हळू करायची, कुठे दामटायची,
ते मला पाठ आहे.

गेल्या जानेवारीत आला ब्राउलियो एचेगाराय,
उरुग्वेचा, चोवीस वर्षांचा, डावखुऱ्या पायाचा.
सोबत बायको मिकाएला
आणि टोपीत बुडालेलं एक बाळ.
एजंट पुढे बसला, फोनवर आकडे बोलत.
भाषा त्याची, पण आकडे मलाही कळले :
त्यांचा एक आठवडा म्हणजे
माझी अडीच वर्षं.

मिकाएलाने एकच विचारलं,
"इथे सूर्य कितीला मावळतो?"
म्हटलं, जूनमध्ये पावणेदहाला.
खोटं नाही बोललो.
तिने घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते
आणि मी गाडीचे दिवे लावून बसलो होतो.

लंडनचे दोन क्लब त्याच्या मागे होते.
ते कमी देत होते.
लंडनला जास्त द्यावं लागत नाही.
तिथे रात्री एक वाजता कुठल्याही देशाचं जेवण मिळतं,
बायकोला तिच्या बोलीत भांडायला मैत्रीण मिळते,
आणि सामना हरलास तरी
तुझा चेहरा गर्दीत विरघळतो.
आमच्याकडे हरलं की पाववाला
सुट्टे पैसे हातात देत नाही,
फळीवर ठेवतो.

म्हणून आम्ही जास्त देतो.
अध्यक्षांच्या खोलीत त्याला काय म्हणतात, देव जाणे.
आम्ही म्हणतो अंधाराचा भत्ता.
आठवड्याला वीस हजार पौंड धुक्याचे,
दहा वाऱ्याचे,
आणि पाच त्या एकुलत्या एका कॉफीच्या दुकानाचे
जे सहाला बंद होतं.

सही झाली. फोटोत स्कार्फ, अंगठा, दात.
टेकडीवर सहा खोल्यांचं घर घेतलं
आणि राहायला गेला लीड्सला, दीड तास लांब.
टेकडीवरचे दिवे टायमरवर लागतात.
गावाला वाटतं, आहेत.
शुक्रवारी मी जाऊन नळ सोडून पाहतो,
गोठले नाहीत ना.

पबमध्ये म्हणतात, पैशासाठी आला होता.
मी मान डोलावतो.
मग कुणीतरी विचारतं, "आणि फिलिपा कशी आहे?"
माझी मुलगी. लंडनच्या इस्पितळात.
दोन तृतीयांश पगार एका खोलीला देते,
जिच्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसते.
इथलं इस्पितळ जास्त देत होतं,
वर गाडी लावायला जागा.
"बाबा," म्हणाली, "रात्रपाळी संपल्यावर
कुठे जावंसं वाटलं, तर कुठे जाऊ?"
मी म्हटलं, समुद्रावर.
ती हसली नाही. तेवढी माया आहे तिला.

मेच्या शेवटी ब्राउलियोला उसना दिला
दक्षिणेकडच्या एका उन्हाच्या शहराला, निम्म्या पैशात.
पावणेदहाचा सूर्य त्यांनी पाहिलाच नाही.
विमानाला उशीर होत होता,
मी जवळचा रस्ता धरला.
गंजलेल्या भट्ट्या, तुटक्या काचा,
फाटकावर कुणीतरी अडकवलेला क्लबचा जुना झेंडा.
मिकाएला सरकून काचेशी आली.
"माझे वडील असल्याच एका कारखान्यात होते," म्हणाली,
"मांसाच्या. नदीकाठी. तोही बंद पडला."
मग बराच वेळ काही नाही.
मग : "हे आधी का नाही दाखवलंत?"

मंगळवारी नवा येतोय. सेंटर फॉरवर्ड, दोन मुली.
क्लबचा निरोप आलाय :
लांबचा रस्ता.
आणि जमल्यास तीनच्या आत.