सुटे

कोन्यित्सला उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते
आणि हसिबा दिव्याखाली उभी होती,
हातात माझं नाव लिहिलेला पुठ्ठा,
चुकीचं, पण मोठ्या अक्षरांत.
गाडीतून उतरणारी मी एकटीच,
तरी मी अगदी पुढ्यात जाईपर्यंत
तिने पुठ्ठा खाली केला नाही.

दारात घरात घालायच्या चपलांची रांग.
पायाला लागल्या त्या मी सरकवल्या,
तपकिरी, चव्वेचाळीस नंबर. पाय त्यांत पोहत होते.
ती जरा बघत राहिली. मग म्हणाली, "कहवा?"
आणि आत गेली.

आमच्यात भाषा अशी नव्हतीच.
सापून म्हणजे साबण, बादेम म्हणजे बदाम,
शेचेर म्हणजे साखर असणार, चव घेऊन ठरवलं.
एवढ्या भांडवलावर आम्ही चार दिवस संसार केला.
मांस खात नाही, मी हातवारे करून सांगितलं;
तिने समजुतीने मान डोलावली
आणि कोंबडी वाढली.
दुसऱ्या दिवशी मात्र पालकाची पिता,
गोगलगायीसारखी गुंडाळलेली,
आणि मी संपवेपर्यंत समोर हाताची घडी.

रात्री मी खिडकी उघडायची, ती येऊन लावायची.
"प्रोमाया!" म्हणजे दोन फटींतून आरपार जाणारा वारा,
त्याने मान धरते, कान जातात, माणूस जातो.
भिंतीत बुजवलेली भोकं आहेत, सिमेंटचा रंग वेगळा;
त्यांच्याबद्दल ती अक्षर बोलली नाही.
वाऱ्याबद्दल अर्धा तास.

तिसऱ्या दिवशी शेजारचा रेमझिया
अलुबुखारांची बादली घेऊन आला.
बोलता बोलता माझ्या पायांकडे बघितलं
आणि वाक्य तिथेच ठेवून
कॅलेंडर वाचत बसला.

घरात टूथब्रश एक. टॉवेल एक, माझा सोडून.
चव्वेचाळीस नंबरचं कुणी नाही.
इतकं साधं गणित, मला तीन दिवस लागले.

संध्याकाळी मी मोज्यांवरच फिरू लागले.
तिने पाहिलं. शेगडीपासून उठली,
चपला आणून माझ्या पायांशी ठेवल्या,
डावी डावीकडे, उजवी उजवीकडे,
फरशीला तळवा टेकवला
आणि कुडकुडल्याचं सोंग केलं.
"ह्लाद्नो." थंड आहे. इतकंच.
नवरा असेल. मुलगा असेल. मी विचारलं नाही,
विचारायला लागणारा शब्द साबण-साखरेत नव्हता.
घातल्या. खाली नेरेत्वा वाहत होती,
मी फटक फटक करत भांडी पुसली.

निघताना कपाखाली शंभराची नोट ठेवली.
ठरले होते पंच्याऐंशी.

गाडी सुटायला दोन मिनिटं,
आणि फलाटावरून ती धावत येतेय,
घरातल्याच चपलांत, मूठ वर करून:
"कुसूर! कुसूर!"
दोन म्हातारे वळून बघू लागले.
माझ्या पोटात गोळा. हा शब्द
आमच्याकडेही आहे. कसूर.
कळला होता मला माझा, तिसऱ्या दिवशीच;
माफी कुठल्या भाषेत मागतात शोधत
मी खिडकीतून हात जोडणार, तोच
तिने माझी ओंजळ ओढून तीत मूठ उघडली.

पंधरा मार्क. नाणी, घामाने कोमट,
आणि त्यांच्यात एक अक्रोड,
तो हिशेबात कसा आला देव जाणे.
कुसूर म्हणजे सुटे.
उरलेले. परत करायचे.

मी परत द्यायला हात बाहेर काढला,
ती दोन पावलं मागे सरकली
आणि गाडी सुटली.

खिडकी उघडी ठेवूनच जायचं ठरवलं होतं मी,
चार दिवसांनी जरा वारा.
पलीकडे कुणीतरी दार उघडलं.
उठले, लावून घेतली.