शीचा रकाना

सिस्टरच्या वहीत एक रकाना आहे,
त्यात आज चौथ्या दिवशीही फुली.
दूध बंद, सलाईन चालू, पोट मऊ.
खाली सही : कुंदा.
तुझ्या पायाला अजून तीच चिठ्ठी,
बेबी ऑफ हर्षदा ढमाले.
बारसं राहिलंय. बारा दिवसांचे सत्तर झाले.

जन्मलास तेव्हा पोट तबल्यासारखं
आणि अंगभर बारीक ठिपके,
जांभळं सांडून घाईत पुसल्यासारखे.
डॉक्टर उपासनी कागदावर आतडं काढून दाखवत होते :
इथे आवळलंय, इथे कापलं,
इथून बाहेर काढून पिशवी.
आता पिशवी काढली, टोकं जोडली,
आता वाट बघायची.

विषाणू, म्हणाले. आईकडूनच जातो, पोटात असताना.
नाव लांब होतं, यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं.
तुम्हाला कधी ताप?

आला असेल. कणकण. दोन दिवस.
पद्मावतीच्या पाळणाघरात सोळा पोरं माझ्या हातावर,
कुणाचं नाक, कुणाची लाळ,
कुणी अर्धं चोखलेलं बिस्किट माझ्या तोंडात कोंबायचं,
नाही खाल्लं तर रुसायचं.
मी खायचे.

कुणाचं ते बिस्किट, रात्री आठवत बसते.
एकेक चेहरा समोर येतो,
एकाचंही नाव घ्यायला जीभ उचलत नाही.
निम्म्या गावाला होऊन जातो हा, कळतही नाही,
असं डॉक्टर म्हणाले.
मला कळला, एवढंच.

पहाटे चारला दूध काढते,
तारखेची पट्टी लावून ते फ्रीजमध्ये जातं.
खाली रास्ता पेठेत कात्रजची गाडी क्रेट उतरवते,
त्या खडखडाटात माझा पंप कुणाला ऐकू येत नाही.

जेवताना हा शब्द काढला
तर सासूबाई पानावरून उठवायच्या.
आता फोनवर पहिलं तेच,
झाली का गं?
मामंजी मागून, रंग विचार, रंग.

आज एक वाजून दहा मिनिटांनी
कुंदा सिस्टर हातमोज्यांसकट दारात,
लंगोटाची घडी प्रसादासारखी उघडून :
हिरवट, करंगळीच्या नखाएवढी.
वास आला. आंबट.
वहीत खाडाखोड चालत नाही,
फुलीच्या शेजारी तिने लिहिलं, एकदा.

घरी फोन लावला. जेवायला बसले होते.
सांगू, का थांबू?
सांग, म्हणाल्या, घास तसाच तोंडात.

मग तुझ्या उजव्या कानाशी वाकून
तुलाही सांगितलं.
ऐकू गेलं का, ते सोमवारच्या तपासणीत कळेल.