क्रोशाचा देश

दस्तगीरमामा क्रोएशियाला क्रोशा म्हणायचे.
नावच सांगतंय, सुईदोऱ्याचा मुलूख असणार.
आम्ही कुणी दुरुस्त केलं नाही,
शिलाई उधार होती.

कापड मूळचं एका खानावळीच्या टेबलांसाठी,
लाल-पांढऱ्या चौकड्यांचं.
खानावळ उघडायच्या आधीच भागीदार भांडले
आणि ठाण मामांकडं पडून राहिलं,
मिरजेच्या किल्ला भागात, धाकट्या मशीनखाली.
त्यातून दहा जर्सी निघाल्या, एक पिशवी.
मी गोलकीपर. मला परकराचं हिरवं अस्तर.

पहिल्याच मॅचला हाफटाइमपर्यंत
घामानं रंग सुटला.
दहाही जण गुलाबी.
कोल्हापूरवाले ओरडले, "वरात आली रे, वरात!"
पाच गोल खाल्ले.
त्यातले तीन माझे, दोन वाऱ्याचे.

पण त्याच महिन्यात तिकडं
खरे चौकडेवाले जिंकत सुटले.
मध्यरात्री अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरायचं,
मोबाईल थंड इस्त्रीला टेकवलेला.
मिशन हॉस्पिटलातल्या सॅम्युएल वाघचौरेनं
खडूनं कटिंगच्या टेबलावर हिशोब मांडला:
तो अख्खा देश
सांगली-साताऱ्यात बसवला
तरी कराडच्या पुढं जागा शिल्लक राहील.
मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मग आपल्यातनं अकरा का निघंनात?"

कुणी बोललं नाही.
आमच्या ग्राउंडवर तेव्हा सर्कशीचे खड्डे होते,
आणि एक गोलपोस्ट
भंगारवाल्याकडं आम्ही सगळ्यांनी ओळखलेला.

फायनल ते हरले.
सॅम्युएल तोंड धुवायला म्हणून गेला, आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर त्यांची राजधानी:
गच्च रस्ते, उघडी बस मुंगीच्या पावलानं.
"जिंकले होय शेवटी?"
"नाही मामा. हरून आलेत."
"आन् एवढी माणसं?"
मामांनी परत लावायला लावलं. परत.
बोटानं पडदा थांबवत, डोळे बारीक करून
ते खेळाडूंकडं बघतच नव्हते.
"एवढे चौकडे," म्हणाले,
"शिवले कुणी रे एका गावात?
रात्रीचा दिवस केला असंल."

मग उठून आमच्या दहा जर्सी मागितल्या.
बादलीत मिठाचं पाणी,
त्यात दहा गुलाबी बाह्या वर आलेल्या.
मामा त्या एकेक करून
खाली दाबत होते.

रंग अजून सुटतो.
पण आता
सेकंड हाफमध्ये.