मीठ आणायला गेलेला झेनॉन

बोग्ना दिवसभर दात करते.
वूच शहरात, एका जुन्या कापडगिरणीच्या तळमजल्यावर,
प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर बसून
दाढेला दाढेची जागा देते.
एकोणीस वर्षं झाली. एकाही तोंडाने
अजून सांगितलेलं नाही की बाई, नीट बसले.
टोचले तर मात्र तासाभरात फोन.

रात्री ती झेनॉन लिहिते.

तुम्हाला झेनॉन माहीत नसणार.
एक मालिका होती, नदीवरच्या मालवाहू बोटीची,
सतरा भागांत गुंडाळलेली.
त्यातला हा आचारी नवव्या भागात
मीठ घेऊन येतो म्हणून धक्क्यावर उतरला
आणि लिहिणारे त्याला विसरले.
बोट सुटली. कुणी हाक मारली नाही.
दहाव्या भागात सगळे सूप पितात
आणि एकजणही म्हणत नाही, अळणी आहे.

बोग्ना तेव्हा चौदाची.
ते सूप अजून तिच्या जिभेवर आहे.

म्हणून ती लिहिते, तो कुठे गेला, कुणाकडे झोपला,
पावसात पुडी भिजू नये म्हणून
टोपी काढून कशी तिच्यावर धरली.
आणि लिहिलेलं निरनिराळ्या दारांत ठेवून येते.

एका दारात नुसते बदाम पडतात.
बारा मिनिटांत रेखाटलेल्या त्या टोपीला
एका संध्याकाळी चार हजार लाल बदाम!
सकाळी बघावं तर टरफलंसुद्धा नाहीत.
चार महिने खपून लिहिलेल्या प्रकरणाला त्याच दारात तीन,
त्यातला एक मावसबहिणीचा.

दुसऱ्या दारात वसुलीला आलेले.
पुढचा भाग कधी?
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
तिथेच कुणीतरी लिहून गेलं,
तुमचा झेनॉन असं बोलणारच नाही.
ती दिवसभर धुमसली. मग जबडा घासता घासता
एकदम लक्षात आलं:
तुमचा म्हणाला.

तिसरीकडे श्चेचिनचा एक म्हातारा, नकाशे काढून निवृत्त.
"त्या धक्क्यावर मीठ मिळत नसे.
तीन किलोमीटर आत जावं लागे, चर्चच्या मागे."
पहिल्यांदा तिने दातओठ खाल्ले.
मग नकाशा उघडला.
मग झेनॉनला तीन किलोमीटर चालवलं, त्या चालण्यात
त्याला गुडघेदुखी मिळाली, एक विधवा भेटली,
आणि प्रकरण पहिल्यांदा प्रकरणासारखं झालं.
आता तो आठवडाभर गप्प राहिला
तर ती मुद्दाम एखादा पूल चुकीच्या जागी बांधते.

नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडतात.
स्वतः शिवलेल्या पुस्तिका, वीस झ्लॉटी.
एक मुलगा आला, तिच्याकडे न बघता पैसे ठेवले,
पुस्तिका पिशवीत नाही टाकली,
कोटाच्या आत, शर्टाला लागून सरकवली
आणि चेन वर ओढली.
याला किती बदाम धरायचे?

आणि ते एकसष्ट.
नवीन भाग टाकला की उजाडेपर्यंत आकडा एकसष्टवर येतो
आणि तिथेच थांबतो.
दातखीळ बसलेली एकसष्ट माणसं.
कोण आहेत, काय खातात, कुठे हसतात,
तिला ठाऊक नाही. तिने केलेले दातही
याच शहरात कुठेतरी रोज हसत असतील.

परवा ट्राममध्ये ती स्वतः वाचत होती,
कुणा ओस्त्रावाच्या बाईने लिहिलेलं,
त्याच बोटीवरच्या कुत्र्याबद्दल.
संपल्यावर अंगठ्याने लिहिलं: छान.
खोडलं. खूप छान. खोडलं.
रडू आलं, हे तर लगेचच खोडलं.
दोन वर्षं वाचते आहे त्या बाईला.
तिच्याही कुठल्यातरी आकड्यात
बोग्ना मुकाट बसलेली.

शेवटी लिहिलं:
"झेनॉन उतरल्यावर कुत्रा फळीकडे बघतो
आणि बसत नाही. तिथे माझा स्टॉप गेला."

पाठवलं. बर्फातून दोन स्टॉप मागे चालत आली.
उशीर झालाच होता.
टेबलावरचा फोन वाजत होता:
डावीकडे, वरच्या बाजूला,
टोचतंय.