बांधाखालून

मी विद्यापीठाच्या गाडीवरचा ड्रायव्हर.
मातीतलं मला काय कळतंय म्हणा,
पण गेली चार वर्षं माझ्या डिकीत
स्टेपनीच्या शेजारी माती बसून येते,
कापडी पिशव्यांत, गळ्यात चिठ्ठी बांधून,
दवाखान्याला निघालेल्या पोरांसारखी.

शिरोळच्या पुढं नदीकाठाला
एक पट्टा आहे, लांबून बघावं तर चुना सांडल्यागत.
लावलेला ऊस गुडघ्याएवढा होऊन
पिवळा पडून तसाच उभा.
पाणी कमी पडून नव्हे, लई झालं म्हणून.
पाजत राहिले, पाजत राहिले,
आणि तळातलं मीठ वर येऊन बसलं,
घरचंच माणूस असल्यागत.

आश्लेषा कुरणे मॅडम, वय सव्वीस,
गिरमिट घेऊन चिखलात उतरल्या
तेव्हा बांधावर पंधरा-वीस माणसं.
एकजण म्हणाला,
"विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणार.
घ्या. आमचं रान नापासच हाय."
मॅडम हसल्या नाहीत.
परत येताना वही दाखवली मला:
तेच वाक्य, तारखेसकट.

मग नकाशा आला.
समाजमंदिराच्या फरशीवर अंथरला,
चार कोपऱ्यांवर अडकित्ता, मोबाईल,
माझी गाडीची किल्ली आणि गुळाचा खडा.
चार फूट खोल चर, त्यात भोकाचा पाईप,
खारं पाणी निथळून नाल्याला.
निळी रेघ उतारानं निघाली
भूपाल मगदुमांच्या रानातून
सरळ बाबालाल जमादारांच्या रानात.

सगळे गप्प.
कुणी तपकीर काढली, कुणी पंख्याकडं बघितलं.
"काही चुकलं का?" मॅडमनी विचारलं.
उताराचं काहीच चुकलं नव्हतं.
एकोणीस वर्षांपूर्वी वीतभर सरकलेला बांध
नकाशात कुठं दाखवतात?

अकरा महिने ती रेघ गुंडाळून
मागच्या सीटवर पडून राहिली.
आम्ही जात राहिलो. विहिरीचं पाणी तपासलं,
शाळेतल्या पोरांना मातीत मीठ बघायला शिकवलं,
कुणाच्या तरी बारशाला जेवलो.
मध्येच प्रकल्पाचा पैसा थांबला,
तर मॅडम एसटीनं गेल्या.
कंडक्टरनं मातीचं लगेज फाडलं म्हणे.

एका बाजारच्या दिवशी जमादारांची सून
गाडीपाशी आली. तस्लीमा. हातात डबा.
मला वाटलं कोरड्यास असेल.
उघडला तर माती.
"परसातली हाय. वांगी धरंनात.
घरात सांगू नका."

कागद आला: आठ पूर्णांक चार.
मगदुमांच्या रानाचा आठ पूर्णांक तीन.
घरात सांगायचं नव्हतं खरं,
पण तिनंच तो सासऱ्याच्या चहाच्या कपाखाली ठेवला.
आठवड्यानं बाबालाल आले,
मॅडमकडं न बघता, माझ्याकडं बघत म्हणाले,
"खालनं जाऊ दे. वरनं न्हाय."

तसंच झालं.
बांध जिथल्या तिथं, बाभळीसकट.
खालून पाईप.

पहिलं पाणी नाल्यात पडलं त्या सकाळी
दोघंही आले, दोन काठांवर उभे राहिले.
मगदुमांनी ओंजळ धरली, चाखलं, थुंकले.
पलीकडं बाबालालनीही.
एवढंच. बोलले कुठं?
अजूनही बोलत नाहीत.
मॅडम मीटर बुडवून आकडा लिहीत होत्या,
त्यांचा हात जरा हलत होता.

यंदा मगदुमांनी शाळू दिला, पायलीभर,
ऊस काढून पहिल्यांदाच पेरलेला.
तस्लीमानं वांगी दिली, काटेरी, बोटं टोचणारी.
दोन्ही पिशव्या डिकीत ठेवल्या
लांब लांब, मधे स्टेपनी. म्हटलं उगीच नको.

शिरोलीच्या पुलावर म्हैस आडवी आली,
ब्रेक मारला,
मागं काहीतरी गडगडलं.
विद्यापीठाच्या फाटकात डिकी उघडली
तर वांगी सगळी शाळूत.
मी निवडत बसलो नाही.